वाट बांधाशी का संपते?

बारामती वाढली, इंदापूर वाढले, असे सगळेच सांगतात. आम्हीही नाकारत नाही. 2011 च्या जनगणनेत बारामती नगरपरिषदेची लोकसंख्या 54,415 होती, इंदापूरची 25,515. त्यानंतर बारामतीची हद्दवाढ झाली; जळोची, तांदुळवाडी, रुई ही गावे शहरात आली. पण या वाढीत रस्ता कुणाच्या दारापर्यंत गेला?

उसाचे रान एनए होते. मालक आपल्या गटापुरता लेआऊट काढतो. प्लॉट पडतात, आत रस्ता होतो आणि शेजारच्या बांधाला येऊन थांबतो. शेजारचा गट विकला की तिथे दुसरा लेआऊट, दुसरा रस्ता आणि मध्ये भिंत. मोटारवाल्याचे यात काही अडत नाही, तो फिरून जातो. अडते ते पायी चालणाऱ्याचे. शाळा भिंतीपलीकडे दिसते, पण पोराला हमरस्त्याच्या कडेने वळसा घालून जावे लागते. बारामतीत त्यात भर नीरा डाव्या कालव्याची. पूल असेल तिथेच तो ओलांडायचा.

जगभरातील रस्त्यांच्या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसले : 1975 पासून नव्या वसाहतींचे रस्ते एकमेकांना कमी कमी जोडले जात आहेत. आपल्याकडे मात्र या भिंतीला जातही आहे. गावकुसाबाहेरच्या ज्या कडेला आम्हाला ठेवले, त्याच कडेने आज शहरे पसरतात. वस्तीच्या चारी बाजूंना प्लॉट पडतात आणि जुनी पायवाट कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये जाते. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण पाटी बदलून वाट उघडत नाही.

वायकोमचा 1924 चा सत्याग्रह देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठीच होता, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आज मनाईचा फलक कुणी लावत नाही. काम नकाशावरच होते. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप विकास आराखड्यावर जनतेच्या हरकती मागवाव्याच लागतात. जमीनमालक तेव्हा वकील घेऊन हजर असतात. आमचे कार्यकर्ते जयंतीच्या मिरवणुकीच्या मार्गासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसतात, नगररचना कार्यालयात मात्र फिरकत नाहीत. पुढचा आराखडा येईल तेव्हा बंद झालेली पायवाट गट नंबरासह नकाशावर दाखवून लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी. सुनावणीला वस्तीतल्या बायांना पुढे बसवावे. ती वाट रोज त्याच तुडवतात.