घंटेवर नाव नाही, तर इंटरनेटही नाही

पुण्यात सकाळी फोन केला, की संध्याकाळपर्यंत माणूस येतो, गच्चीवरून केबल सोडतो आणि रात्री आई-बाबांशी व्हिडिओ कॉल सुरू. नोकरीसाठी जर्मनीत येणारी आपली मुलं हाच हिशेब मनात धरून येतात.

‘ऑर्डर दिली की दोन दिवसांत नेट’ हा त्यातूनच आलेला गैरसमज. इथे अजून कितीतरी घरांत इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येतं. ती जोडायला तंत्रज्ञाला बरेचदा तळघरातल्या पेटीपर्यंत जावं लागतं, आणि त्याची तारीख काही आठवड्यांनंतरचीही मिळते. म्हणून किल्लीची वाट बघू नका; भाडेकरार झाला, की त्याच दिवशी ऑर्डर द्या. मधल्या काळासाठी प्रीपेड सिम घ्या, पासपोर्ट दाखवून ते मिळतं.

‘पत्ता बरोबर दिला, आता येईलच’ हेही पुरेसं नाही. इथे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. खाली दाराशी घंटांची रांग असते आणि प्रत्येकीसमोर आडनाव. तिथे अजून आधीच्या भाडेकरूचं ‘म्युलर’ असेल, तर कुलकर्ण्यांकडे आलेला तंत्रज्ञ कोणती घंटा वाजवणार? तो परत जातो आणि तुम्ही पुन्हा रांगेत. घरमालक छापील पाटी लावेपर्यंत कागदावर नाव लिहून चिकटपट्टीने लावा, पण लावाच. तंत्रज्ञ ठरल्या वेळी आलाच नाही, तर डिसेंबर २०२१ पासूनच्या कायद्याने १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, यातली मोठी रक्कम भरपाई म्हणून मागता येते. चूक आपली असेल तर मात्र नाही.

भिंतीतल्या टेलिफोनच्या डबीला बहुधा तीन खाचा असतात. राउटरची तार मधल्या, ‘एफ’ लिहिलेल्या खाचेत जाते. नेट चालत नाही म्हणून तक्रार करण्याआधी एवढं बघा.

राउटर कंपनीकडूनच भाड्याने घ्यावा लागतो, हेही खरं नाही. १ ऑगस्ट २०१६ पासून स्वतःचा जोडण्याचा हक्क आहे. आणि करार दोन वर्षांचाच असतो असं नाही. २४ महिने ही कमाल मुदत. १२ महिन्यांचा पर्यायही कंपनीने द्यायलाच हवा. तो महाग पडू शकतो, पण वर्षभराच्या प्रोजेक्टवर आलेल्याने तोच घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं. पहिली मुदत संपल्यावर करार आपोआप पुढे चालू राहिला, तरी महिन्याच्या नोटिशीवर तो सोडता येतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पत्ता नोंदवल्यावर येणाऱ्या पत्रामुळे. दरमहा १८.३६ युरोची मागणी बघून कुणी ते इंटरनेटचं बिल समजतं, कुणी ‘माझ्याकडे टीव्हीच नाही’ म्हणून फेकून देतं. ती सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी आहे, २०१३ पासून दर घरामागे, टीव्ही असो-नसो. एका घरात चौघं राहत असली तरी ती एकदाच भरायची. बाकी तिघांनी भरणाऱ्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.