माऊस अडला, संगणक नाही

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटरवेड्या पोरांचा नाद, असा समज अजूनही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडवरच्या न्यायालयात तो टिकत नाही. ई-कोर्ट्स प्रकल्पाने देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स स्वीकारले, आणि खटल्यांच्या तारखा नि आदेश सांभाळणारी ‘सीआयएस’ प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) पुण्यात घडवली. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यामुळे घरातल्या, शाळेतल्या, झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या संगणकांवरही लिनक्स टाकून घ्यायला हरकत नाही.

पण दहा-बारा वर्षांच्या संगणकाचा माऊस कधीतरी अडतोच. पॉइंटर जागचा हलत नाही आणि हात थेट मेन स्विचकडे जातो. घात होतो तो तिथे. सेव्ह न केलेले काम जाते, कधी हार्डडिस्कवरच्या फायलीही बिघडतात. लिनक्स १९९१ साली आले ते युनिक्सच्या वळणावर, आणि युनिक्सचा सगळा व्यवहार कीबोर्डवरचा. माऊस रुसला तरी आतला कारभार बहुधा चालूच असतो.

आधी कॅप्स लॉक

कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक हँग झालेला नाही. कंट्रोल-एसने काम सेव्ह करा, ऑल्ट-टॅबने दुसऱ्या प्रोग्रॅमवर जा, नको तो ऑल्ट-एफ४ने बंद करा. पॉइंटर धक्के खात सरकतोय आणि हार्डडिस्कचा दिवा सारखा जळतोय, अशा वेळी दोष माऊसचा नसतो. दोन जीबी रॅमवर ब्राउझरचे ढीगभर टॅब उघडले की मेमरी संपते आणि लिनक्स हार्डडिस्ककडून उसनवारी करू लागते. टॅब बंद करा, थोडा दम धरा.

मग माऊस उलटा करा

साध्या ऑप्टिकल माऊसच्या पोटाशी लाल दिवा असतो. तो विझलेला असेल तर वीजच पोचत नाही. वायर बहुतेकदा माऊसमध्ये शिरते तिथेच आतून तुटते. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टवर विसंबू नका. ते आतून वायरीने जोडलेले असतात आणि ती सैल होते. मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावून पाहा.

दिवा आहे, पण हालचाल नाही? हा माऊस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला शेकड्यांनी फोटो काढून आपण किती सरकलो ते ठरवतो. काचेच्या टेबलावर त्याला खूणच सापडत नाही, म्हणून खाली कागद ठेवा. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याची धूळ भिंगावर बसली असेल तर कोरड्या कापसाने टिपा. हिरव्या गोल पीएस-२ पोर्टचा माऊस असेल तर सहापैकी एखादी पिन वाकली आहे का बघा. हा माऊस संगणक बंद करूनच काढा-घाला. चालू असताना लावलेला माऊस ओळखला जाईलच असे नाही.

काळ्या पडद्यावरची परीक्षा

इतके करूनही माऊस ढिम्म असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल, तिथे लॉगिन करा. आज्ञा अर्थातच रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. ‘एलएसयूएसबी’ दिली की जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी मिळते. यूएसबी माऊस त्यात नसेल तर वायर, पोर्ट किंवा माऊसच खराब.

यादीत असेल, किंवा या यादीत न येणारा पीएस-२ माऊस असेल, तर ‘सुडो कॅट /डेव्ह/इनपुट/माइस’ टाइप करून एंटर मारा आणि माऊस हलवा. पडद्यावर अगम्य चिन्हे सांडू लागली, तर माऊस, वायर, पोर्ट आणि लिनक्सचा गाभा (कर्नेल) चारही ठीक आहेत, बिघाड डेस्कटॉपचा आहे. कंट्रोल-सीने थांबा आणि ‘सुडो रीबूट’ करा. चिन्हे आलीच नाहीत आणि माऊस पीएस-२ असेल, तर ‘सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाऊस’ आणि पाठोपाठ ‘सुडो मॉडप्रोब पीएसमाऊस’ द्या. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला जातो.

माऊस थोडा वेळ स्वस्थ राहिला की झोपतो, असे होत असेल तर वीज वाचवण्यासाठी कोणी ‘पॉवरटॉप’ चालवले आहे का विचारा. त्याचा ‘ऑटो-ट्यून’ यूएसबी माऊसलाही झोपवतो. अपडेटनंतरच तक्रार सुरू झाली असेल, तर संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ‘ग्रब’ मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नेल निवडून पाहा.

डेस्कटॉप कीबोर्डलाही दाद देईनासा झाला, तरच शेवटचा उपाय. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरा आणि सावकाश एस, यू, बी दाबा. उबुंटूवर याने फायली हार्डडिस्कवर उतरतात, डिस्क सुरक्षित होते आणि संगणक नव्याने सुरू होतो.

संगणक भंगारात काढण्याआधी एवढे कराच: आपला माऊस दुसऱ्या संगणकाला आणि दुसरा माऊस आपल्या संगणकाला लावून बघा. दोष कुणाचा ते तिथेच कळते, आणि माऊसचा निघाला तर नवा माऊस संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.