आधी एक लाख ठरले, मग गाडी: नॅनोचा हिशेब कुठे जमला आणि कुठे फसला?

नॅनोच्या चाकाला नट तीनच. वायपर एकच. बेस मॉडेलला बाहेरचा आरसाही फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. यावर जोक भरपूर झाले, पण ही काटकसर ऐनवेळी केलेली नव्हती. गाडीचं डिझाईन पक्कं व्हायच्या आधीच किंमत ठरली होती: एक लाख रुपये, कर आणि वाहतूक वेगळी.

एरवी वस्तू तयार होते, मग खर्च मोजतात आणि त्यावर नफा चढवतात. टोयोटासारख्या जपानी कंपन्यांनी हे गणित उलटं मांडलं. गिऱ्हाईक किती पैसे देईल ते आधी बघायचं, त्यातून नफा वजा करायचा आणि उरलेल्या रकमेत वस्तू बसवायची. याला टार्गेट कॉस्टिंग म्हणतात.

पण एवढी घाई कशाला? कारण खर्च फॅक्टरीत होत असला तरी तो ठरतो ड्रॉइंगवर. कागदावरचा नट काढायला खोडरबर पुरतो. एकदा डाय बनल्या, सप्लायरला ऑर्डर गेली, टेस्टिंग झालं, की तोच बदल महागात पडतो. शिवाय एक बचत दुसरीला जन्म देते. वजन घटलं की इंजिन लहान चालतं, मग ब्रेक आणि टायरही हलके चालतात. नॅनोचं इंजिन होतं दोन सिलिंडरचं, ६२४ सीसीचं, तेही मागच्या बाजूला.

मागचं दार मात्र उघडतच नव्हतं. सामान ठेवायचं तर मागची सीट पाडा! उघडणारं दार आलं थेट २०१५ च्या जेनएक्स नॅनोत. तोवर फार उशीर झाला होता.

खरी मेख पुढे आहे. डाय, मशिनरी आणि प्लांट यांचा खर्च गाड्यांच्या संख्येवर विभागला जातो. समजा हा खर्च वर्षाला ५०० कोटी आहे. अडीच लाख गाड्या निघाल्या तर प्रत्येकीवर २० हजार पडतात. ७५ हजारच निघाल्या तर साधारण ६७ हजार! एक लाखाच्या गाडीत एवढी जागा कुठून आणणार?

५०० कोटींचा आकडा उदाहरणापुरता, गाड्यांचे आकडे मात्र खऱ्याच्या जवळचे. साणंदच्या प्लांटची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती आणि नॅनोच्या सर्वात चांगल्या वर्षात खप झाला सुमारे ७४ हजार. त्याआधी २००८ मध्ये सिंगूर सोडावं लागलं. तिथे वाहतूक वाचावी म्हणून सप्लायरनाही प्लांटशेजारी बसवायचं ठरलं होतं, तेही विस्कटलं.

म्हणजे सुट्या भागांचा हिशेब जमला, खपाचा चुकला. 'सर्वात स्वस्त कार' हा शिक्का नडला, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केलं. नवी गाडी घेतल्याचे पेढे वाटताना ती स्वस्तातली आहे हे कोणाला सांगावंसं वाटेल?

नॅनोचे टीमप्रमुख गिरीश वाघ यांनी त्याआधी टाटा एसचं काम सांभाळलं होतं. २००५ चा हा 'छोटा हत्ती'ही दोन सिलिंडरचाच आणि काटकसरीचाच. पण तो घेणारा प्रत्येक फेरीला किती सुटतात ते मोजतो. स्वस्त असणं त्याच्यासाठी कमीपणाचं नव्हतं, कमाईचं होतं. छोटा हत्ती आजही बाजारात भाजी वाहतोय. जून २०१८ मध्ये नॅनो बनली फक्त एक.