तापाच्या आधी पोहोचलेली भीती

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला आणि एच१एन१ या नव्या इन्फ्लुएन्झा विषाणूचा, म्हणजेच स्वाइन फ्लूचा, तो भारतातील पहिला बळी ठरल्याने वाहिन्यांवर मृतांचा आकडा अखंड झळकू लागला, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या आणि मास्क मिळेनासे झाले. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतील अनेक घरांतले कोणी ना कोणी पुण्यात नोकरीला वा शिकायला असल्याने तिथल्या मंचर-नारायणगावसाठी ही बातमी परगावची नव्हती.

ही भीती सर्वस्वी अनाठायी होती असे नाही. मात्र एकूण मृतांचा आकडा कधीच उतरत नाही, तो साथ ओसरतानाही चढताच दिसतो, आणि मृत्युप्रमाण, म्हणजे ज्ञात बाधितांपैकी दगावलेल्यांचा हिस्सा, आरंभी फुगलेले असते, कारण तपासणी मुख्यतः अत्यवस्थांची होते व घरीच पेज पिऊन बरे झालेले छेदात येतच नाहीत. बचावाच्या उपायांचेही तसेच: रुमालावरच्या निलगिरी तेलाने नाक मोकळे वाटते, विषाणू अडत नाही. एन-९५ मास्क सूक्ष्म कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच.

१० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले, तरी हा विषाणू हंगामी फ्लूच्या रूपाने टिकून राहिला.