हिंगोलीतल्या प्रकाशाचा उगम

औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात पसरणार आहेत. हा गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगो-इंडिया प्रकल्प. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. दूरवर कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की त्यातून उठलेल्या लहरींनी भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी बदलते आणि लेसर ते टिपतो. मला भुरळ पडते ती त्याआधीच्या गोष्टीची. हा प्रकाश जन्मतो कुठे?

लायगोचा मूळ किरण निओडिमियम घातलेल्या याग (यिट्रियम-अ‍ॅल्युमिनियम गार्नेट) स्फटिकातून निघतो आणि त्या स्फटिकाला चेतवतो एक चिमुकला लेसर डायोड. त्यात गॅलियम आर्सेनाइडच्या जातीच्या अर्धसंवाहकांचे थर असतात. मधला थर काही नॅनोमीटरचा, म्हणजे अणूंच्या काही डझन ओळी! एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा. त्या अरुंद थरात दोघांची गाठ पडते आणि सुटलेली ऊर्जा प्रकाशकण होऊन बाहेर पडते. गॅलियमच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसवला तरी अणूंमधले अंतर जेमतेम हजारात एकाने बदलते, म्हणूनच थरावर थर सलग चढतो. निसर्गाची ही केवढी मेहेरबानी!

तरीही एखादी ओळ चुकतेच. 1970 मध्ये लेनिनग्राडला आल्फेरॉव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅबमध्ये हायाशी व पॅनिश यांनी असे लेसर नेहमीच्या तापमानाला अखंड पेटते ठेवले; पण सुरुवातीचे लेसर लवकर विझत. चुकलेल्या ओळीपाशी इलेक्ट्रॉन प्रकाश न देताच रिकाम्या जागेत पडतो. सुटलेली ऊर्जा शेजारच्या अणूंना हलवते, दोष आणखी लांबतो आणि उजळ पट्टीत काळ्या रेषा पसरत जातात, हळदीच्या वाफ्यात कंदकूज पसरावी तशा. ज्या ऊर्जेचा प्रकाश व्हायचा, तिच्यावरच दोष पोसला जातो.

आणि निओडिमियम? तोही यागमध्ये उपराच, यिट्रियमच्या जागी घुसलेला. शंभरात एखादाच, पण तो नसेल तर याग नुसता पारदर्शक खडा. एकाच किरणाच्या वाटेवर एक दोष प्रकाश गिळतो, दुसरा प्रकाश देतो. फरक फक्त कोणता अणू कुठे बसला याचा.

पुढे किरण 40 किलोच्या आरशांवर आदळतो. अमेरिकेतल्या लायगोत आरशांच्या लेपातले सूक्ष्म ठिपके प्रकाश शोषून तापतात आणि आरशाचा आकार बिघडवतात, असे आढळले आहे. भविष्यातल्या आरशांच्या लेपासाठी आता गॅलियम आर्सेनाइडच्याच स्फटिकथरांची चाचपणी सुरू आहे.