उपचार करणाऱ्यांनाही हवा आधार

मानसोपचार म्हटले, की बंद दाराआड बसलेले दोघेच डोळ्यांसमोर येतात : रुग्ण आणि तज्ज्ञ. वर्तनोपचाराच्या एका शाखेने मात्र तज्ज्ञाला एकटे ठेवायचेच नाही, असे ठरविले. ती शाखा म्हणजे ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ अर्थात ‘डीबीटी’.

अमेरिकेतील सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ही पद्धत विकसित केली. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या, आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी ती होती. तिच्या परिणामकारकतेचा अभ्यास १९९१ मध्ये, तर सविस्तर ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पद्धतीचे चार भाग आहेत. वैयक्तिक उपचार, कौशल्ये शिकविणारा गट आणि कठीण प्रसंगी दूरध्वनीवरून मार्गदर्शन हे तीन रुग्णासाठी. चौथा भाग आहे तज्ज्ञांची नियमित, बहुधा साप्ताहिक बैठक. ती ऐच्छिक नसून उपचाराचेच अंग मानली जाते.

तिची गरज का भासावी? असे रुग्ण कधी संतापतात, कधी येणेच थांबवितात. रुग्णाने जिवाचे बरेवाईट केले तर, ही धास्ती तज्ज्ञाच्या मनात सतत असते. त्या ताणाखाली तो नकळत कठोर होतो किंवा प्रमाणाबाहेर मवाळ. हा बदल त्याच्याआधी सहकाऱ्यांच्या लक्षात येतो.

म्हणूनच बैठकीतील सदस्य काही गोष्टी आपसात मान्य करतात. रुग्णाच्या वागण्याचा दोषारोप न करता, सहानुभूतीने अर्थ लावायचा. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते. रात्री-अपरात्री फोन घेणे एखाद्याला झेपत नसेल, तर त्याला नावे ठेवायची नाहीत. आणि चुका सर्वांकडूनच होतात, हे गृहीत धरायचे. चूक लपविण्याची गरज उरली नाही, की ती सुधारता येते. ही करुणा म्हणजे पाठीवरून हात फिरविणे नव्हे. उपचाराची दिशा सुटत असल्यास सहकारी तसे स्पष्ट सांगतात.

तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात दाखल होतो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीर केले. रुग्णाची वेदना त्यांना आतून ठाऊक होती. तरीही त्यांनी उपचारांचा डोलारा एकट्या तज्ज्ञाच्या चांगुलपणावर उभारला नाही. त्या चांगुलपणाला सहकाऱ्यांचा टेकू दिला.

‘अवघड प्रसंगी, गोपनीयता राखून, आपण कोणाचा सल्ला घेता?’ हा प्रश्न रुग्णाने वा नातेवाइकांनी तज्ज्ञाला जरूर विचारावा. त्यात अविश्वास नाही. दोघांच्याही हिताची काळजी आहे.