गणिती शोधनिबंधांची पहिली मुद्रणे

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ 1687 साली प्रसिद्ध झाला, तो भरभक्कम ग्रंथाच्या रूपाने. अशा ग्रंथाची पहिली आवृत्ती ओळखणे तुलनेने सोपे असते. परंतु एकोणिसाव्या शतकापासून गणितातील बहुतेक मोठे शोध ग्रंथांतून नव्हे, तर नियतकालिकांतील थोड्या पानांच्या निबंधांतून जगापुढे आले. त्यांचे ‘पहिले मुद्रण’ नेमके कशास म्हणावे, हा प्रश्न दुर्मीळ छापील साहित्याच्या संग्राहकांना नेहमी पडतो.

निबंध छापून झाल्यावर त्याची पाने वेगळी काढून, त्यांस साधे कागदी वेष्टन घालून, काही प्रती लेखकास देण्याची प्रथा होती. या सुट्या प्रतींना ऑफप्रिंट म्हणतात. लेखक त्या आपल्या स्नेह्यांना व जाणकारांना टपालाने पाठवीत असे. प्रती थोड्या, कागद पातळ, आणि वाचून झाल्यावर जपून ठेवण्याची फारशी कोणास निकड नाही. त्यामुळे त्या लवकर नाहीशा होत. संग्राहकांचा ओढा आज मुख्यतः यांच्याकडेच असतो. एखाद्या प्रतीवर लेखकाच्या हस्ताक्षरात कोणाचे नाव असेल, तर तो निबंध प्रथम कोणाच्या हाती पडला हेही कळते.

काही वेळा नियतकालिकाचाही आधार नसे. नॉर्वेचा नील्स हेन्रिक आबेल याने 1824 साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, सर्वसामान्य पंचघाती समीकरण बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व मूळ काढणे एवढ्याच क्रियांनी सुटणे अशक्य आहे, हे सिद्ध केले. ही सिद्धता त्याने ख्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ऑस्लोत, पदरचे पैसे घालून फ्रेंच भाषेत छापविली. पैसा थोडा असल्यामुळे सारा युक्तिवाद त्याने सहा पानांत कोंबला. परिणाम व्हायचा तोच झाला; वाचणाऱ्यास तो दुर्बोध वाटला. सविस्तर सिद्धता बर्लिनमधील क्रेल्ले यांच्या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात 1826 साली आली. गणित शिकणाऱ्याने हा दुसरा निबंध वाचावा हे उत्तम. परंतु एका दरिद्री तरुणाला आपल्या शोधाची किती काटछाट करावी लागली, हे त्या सहा पानांवाचून दिसत नाही. ती पुस्तिका आज अत्यंत दुर्मीळ आहे.

तारखेचा घोळ कसा होतो, याचे उदाहरण ॲलन ट्यूरिंगच्या निबंधात सापडते. संगणनयोग्य संख्यांविषयीचा हा निबंध संगणकशास्त्राचा पाया मानला जातो. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये तो दोन तुकड्यांत छापला गेला: 230 ते 240 ही पाने 30 नोव्हेंबर 1936 च्या भागात आणि 241 ते 265 ही पाने 23 डिसेंबरच्या भागात. पूर्ण खंडावर मात्र 1937 हे वर्ष पडले. ग्रंथालये सुटे भाग एकत्र बांधताना त्यांची वेष्टने बहुधा काढून टाकतात. तारखा त्या वेष्टनांवरच असतात. ती गेली की पुराव्याचा धागा तुटतो, आणि 1936 की 1937 हा वाद मागे उरतो. बांधणीकाराच्या कात्रीने जेवढा इतिहास कापला, तेवढा वाळवीनेही खाल्ला नसेल! खुद्द लेखकाचा अनुभव पाहिला तर, निबंध निघाल्यावर प्रारंभी त्याच्याकडे सुट्या प्रतीची मागणी करणारी दोनच पत्रे आली. त्याच निबंधाची एक सुटी प्रत 2025 साली इंग्लंडमधील लिलावात 2,08,000 पौंडांस विकली गेली. ती ज्या कागदांत होती, ते कागद यंत्रात घालून नष्ट होण्याच्या बेतात होते.

भारतातील अशा साहित्यात श्रीनिवास रामानुजन यांचे आरंभीचे लेखन येते. बर्नुली संख्यांवरील त्यांचा पहिला निबंध 1911 साली ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या तिसऱ्या खंडात आला. त्यांची मांडणी इतकी त्रोटक असे, की संपादकांनी तो एकाहून अधिक वेळा परत पाठवून सुधारून घेतला. या सोसायटीचे ग्रंथालय प्रारंभीची अनेक वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते व तेथून सभासदांकडे नियतकालिके टपालाने फिरत. पुष्कळ हातांतून गेलेला अंक कोरा राहत नाही. म्हणून जुन्या संचांत वेष्टनासह शाबूत अंक मिळणे भाग्याचे.

त्या अंकांत संग्राहक केवळ निबंध शोधीत नाहीत. मागील पानांवर वाचकांसाठी प्रश्न छापीत. प्रश्न क्रमांक 289 मध्ये रामानुजन यांनी वर्गमुळात वर्गमूळ अशा अनंत साखळीची किंमत विचारली होती. कोणाचेच उत्तर न आल्यामुळे शेवटी त्यांनी स्वतःच ते दिले: तीन.